सातशे वर्षांपूर्वीच्या पावसाचा हिशेब गुहेतल्या दगडात

यंदा पाऊस कमी झाला की जास्त, यावर बोलताना आपण फार तर आजोबांच्या काळापर्यंत मागे जातो. तळोज्यात तर बहुतेक वेळा २६ जुलै २००५ चीच आठवण निघते. सरकारी मोजणीही फार जुनी नाही, भारतीय हवामान खातं सुरू झालं ते १८७५ मध्ये. मग सातशे वर्षांपूर्वी दख्खनवर पाऊस कसा पडत होता, हे कळणार कसं?

एक उत्तर गुहेत मिळतं. मात्र आपल्या घारापुरीच्या किंवा कान्हेरीच्या लेण्यांत नाही. ती माणसांनी काळ्या कातळात कोरलेली आहेत. त्यासाठी चुनखडीची नैसर्गिक गुहा लागते.

पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत खाली जातं. गुहेच्या छतातून थेंब पडला की वायू उडून जातो आणि चुन्याचा पातळ थर मागे राहतो. खारं पाणी उकळून किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, साधारण तसंच समजा. थरावर थर चढत हजारो वर्षांत जमिनीवरून वर वाढणारा खांब तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही मुलांना यालाच ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणून शिकवतो. इंग्रजी नाव स्टॅलॅग्माइट.

आता थर कधीचा आहे, हे कसं ठरवायचं? पाण्याबरोबर थोडं युरेनियम येतं, थोरियम जवळजवळ येत नाही. थरात अडकलेल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने थोरियम होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं.

आणि पाऊस किती होता? ऑक्सिजन हलका असतो, तसा जडही. मान्सून जोरदार असला की पावसात जड ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, आणि तीच खूण थरात उतरते. ढग कुठल्या समुद्रावरून आले याचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून शास्त्रज्ञ एका दगडावर विसंबत नाहीत, इतर नोंदींशी ताडून पाहतात.

छत्तीसगडात, बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक गुहा आहे. तिथल्या स्टॅलॅग्माइटवरून इ.स. ६०० ते १५०० या काळातल्या मान्सूनचा आलेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या आणि पंधराव्या शतकात मान्सून वर्षानुवर्षं कमजोर राहिल्याचं त्यात दिसतं. महाराष्ट्रातला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात तो याच काळातला, परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगितला जाणारा. म्हणजे बखरी आणि दगड एकच गोष्ट सांगतात.

त्याच सुमाराची, दख्खनच्या बहमनी सल्तनतीतली एक गोष्ट इतिहासकार फरिश्ता सांगतो. दुष्काळ पडला तेव्हा सुलतान दुसऱ्या मुहम्मदशाहने स्वतःच्या खर्चाने दहा हजार बैल माळवा आणि गुजरातकडे लावून धान्य आणवलं आणि लोकांना स्वस्तात विकलं. अनाथ मुलांसाठी त्याने मदरसे काढले. त्यांत दौलताबाद, कंधार होतं, तसं आपल्या कोकणातलं चौल आणि दाभोळही होतं.

आपल्यासाठी यातला सबक साधा आहे. पाऊस एखादं वर्ष दगा देतो, पुढच्या वर्षी भरून काढतो, असा आपला अनुभव. पण जेमतेम दीडशे वर्षांच्या मोजणीत जे दिसलं नाही, ते याआधी घडून गेलंय. एवढ्या पावसाच्या कोकणातही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. लागोपाठ अनेक वर्षं पाऊस कमी पडला, तर? घराच्या, मशिदीच्या, शाळेच्या छतावरचं पाणी साठवणं आणि जुन्या विहिरी जिवंत ठेवणं म्हणूनच गरजेचं.

आणि बस्तरकडे सहलीला गेलात, तर गुहेतल्या खांबांना हात लावू नका, तुकडा आणू नका. हाताचं तेल लागलं तरी थर चढणं बिघडतं. मुलांना तिथेच सांगा, या दगडात आपल्या पूर्वजांच्या पावसाची नोंद आहे.