हातची कला आणि हातचा पैसा

पन्नास पानांचा स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, बाळंतिणीचें न्हाणेंमाखणें, शिवणटिपण. आपल्या आजीपणजीस काय येत नव्हतें? तरी तिच्या पदरांत स्वतःच्या कमाईची एक पै नसे. कौशल्य होतें तर मिळकत कां नव्हती, या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्या इतिहासांत सांपडतें.

धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला व १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुणें सेवासदन निघालें, आणि त्याच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. घरांत आजाऱ्याचें अंग पुसणारी, औषधाच्या वेळा सांभाळणारी विधवा म्हणजे घरावरचा भार; तीच परीक्षा उतरून इस्पितळांत गेली म्हणजे पगारदार नर्सबाई! जंतुनाशकांचा उपयोग, ताप-नाडीची नोंद, हें नवें ज्ञान शिक्षणानें तिला दिलें यांत संशय नाहीं. परंतु अनोळखी माणसानें तिच्यावर भरंवसा टाकावा यासाठीं प्रमाणपत्र लागतें, आणि तें घरचें माणूस देऊं शकत नाहीं. तसेंच वसतिगृहाचें. ही सोय आपण फार हलकी लेखतों. रात्रपाळी संपल्यावर तरुण विधवेनें निजावें कोठें, आणि लोकांस उत्तर काय द्यावें, याची तजवीज नसती तर परीक्षेचा कागद ट्रंकेंतच राहिला असता.

हीं दारें प्रथम उघडलीं तीं मुख्यत्वें आपल्यासारख्या घरांतील स्त्रियांस, हेंहि विसरतां येत नाहीं. जिच्या हातावर पिढ्यान्‌पिढ्या जन्मास आल्या ती गांवची सुईण बहुधा बाहेरच राहिली. तिचा अनुभव कमी नव्हता. तिच्यामागें संस्था नव्हती.

आज सुनेजवळ पदवी आहे. पण २०१९ सालच्या सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोज सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात, पुरुषांचीं ९७; आणि मुळांत घरकामास हात लावणारे पुरुषच थोडे. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस पाळणाघराची सोय करणें भाग पडलें. त्याहून लहान कचेरींत जाणाऱ्या सुनेचें मूल कोण सांभाळतें? बहुधा सासूबाईच. सुनेच्या पगारांतला कांहीं भाग वस्तुतः त्यांचा आहे, हें मात्र घरांत कोणी बोलून दाखवीत नाहीं.