कोनी कंसातला मजकूर

प्राचीन ग्रीक-लॅटिन लेखांचे संपादन करणारे विद्वान दोन कंसांत कसोशीने भेद करतात. दगड फुटल्यामुळे वा पपायरस फाटल्यामुळे गेलेली अक्षरे अनुमानाने भरावयाची ती चौकोनी कंसात; मूळ लेखनिकाच्याच नजरचुकीने सुटलेली भरावयाची ती कोनी कंसात. १९३१ साली लायडन येथे ठरलेला हा संकेत. एकात दोष काळाचा, दुसऱ्यात माणसाचा. परंतु भर संपादकाची आहे हे वाचकापासून लपविले जात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ असते, तीही याच सचोटीपोटी.

संगणकाने हा कंस घेतला, पण उसना. नेहमीच्या कळफलकावर खरा कोनी कंस नाहीच. आहेत ती 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही गणिताची चिन्हे. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या मृत्यूनंतर, १६३१ मध्ये, छापल्या गेलेल्या ग्रंथात ती प्रथम दिसली. १९६३ च्या 'आस्की' संकेतावलीत त्यांना स्थान मिळाले, आणि पुढे एचटीएमएलने त्यांना कंसाच्या कामाला जुंपले. आत लिहिली ती आज्ञा, बाहेर राहिला तो मजकूर.

येथे एक मोठाच फरक पडतो. संपादकाचा कंस वाचकाला दिसतो. ब्राउझर मात्र कंस आणि त्यातला शब्द दोन्ही गिळून टाकतो. एखाद्याने अर्जातील नावाच्या रकान्यात कंस करून आज्ञाच लिहिली, आणि संकेतस्थळाने ती न पारखता पुढे धाडली, तर ती तिसऱ्याच माणसाच्या यंत्रावर निमूटपणे पाळली जाते. पान उघडणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतील 'सर्ट' या संस्थेने २००० सालीच याविषयी जाहीर इशारा दिला होता. उपाय अवघड नाही: परक्याने लिहिलेले चिन्ह दाखविताना त्याच्या जागी ठरलेली सांकेतिक अक्षरे घालावयाची. तरीही ही चूक होतच राहते, याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

मराठी लिहिणाऱ्याला ही चिन्हे सहजी सापडतही नाहीत. इन्स्क्रिप्टच्या रूढ मांडणीत त्या कळांवर 'ष' आणि दंड बसले आहेत; चिन्ह हवे तर इंग्रजी मांडणीकडे वळावे लागते. कचेरीतल्या नमुनापत्रात रिकाम्या जागी <नाव> असे लिहिण्याची रीत आहे. तेच पत्र एचटीएमएलच्या पानात जसेच्या तसे घातले, तर देवनागरीतले <नाव> पडद्यावर शाबूत राहते, कारण चिन्हाला लागून रोमन अक्षर आले तरच ब्राउझर त्याला आज्ञेची सुरुवात मानतो. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला, की ती जागा कोरी दिसते.