भित्तिकागदाच्या काठाची खळ काढणे

भित्तिकागदाच्या काठाची खळ काढणे ही जुन्या भिंतीस नवा रंग देण्यापूर्वी करावयाची पूर्वतयारी आहे. काठ म्हणजे छतालगत किंवा भिंतीच्या मध्यावर आडवी चिकटवलेली नक्षीदार कागदी पट्टी. १९८० व १९९०च्या दशकांत अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील घरांत असे काठ लोकप्रिय होते. पट्टी ओढून काढली तरी तिची खळ भिंतीवर राहते. वाळलेली खळ बहुधा पारदर्शक असल्याने भिंत स्वच्छ भासते. पुढे रंग बिघडल्यास दोष मात्र रंगाला दिला जातो.

खळ काढण्याची आवश्यकता
पाण्यात मिसळणारा रंग लावताच त्यातील पाण्याने खळ भिजून फुगते व वाळताना आकसते. परिणामी रंगास बारीक भेगा पडतात, फोड येतात किंवा पापुद्रे सुटतात. काठाच्या रुंदीएवढाच पट्टा खराब होणे ही उरलेल्या खळीची खूण होय.

खळीचे प्रकार व ओळख
खळ मुख्यतः तीन प्रकारची असते: गहू, मका इत्यादींच्या पिष्टाची, मेथिल सेल्युलोजची आणि व्हिनिल कागदावर काठ चिकटवण्यासाठी वापरली जाणारी कृत्रिम बहुवारिकाची. ओला हात फिरवल्यावर भिंत बुळबुळीत लागल्यास पहिल्या दोहोंपैकी एक खळ असण्याचा संभव असतो. सौम्य आयोडीन लावल्यास पिष्टाची खळ निळी-काळी होते. मात्र पुट्टीतही पिष्ट असू शकते, हे ध्यानात घ्यावे.

पद्धती
पिष्टाची खळ गरम पाण्याने मऊ होते. ॲमिलेज या विकराची द्रावणेही पिष्टाचे विघटन करतात. अन्य खळींवर त्यांचा उपयोग होत नाही. मेथिल सेल्युलोज थंड पाण्यात विरघळते, परंतु अतिशय गरम पाण्यात विरघळत नाही. म्हणून तेथे थंड किंवा कोमट पाणी योग्य ठरते. कृत्रिम खळ पाण्याला सहज दाद देत नाही. तिच्यासाठी वाफ किंवा त्याच खळीसाठी बनवलेले द्रावण वापरतात.

भिंतीचा लहान भाग स्पंजाने ओला करून काही मिनिटे थांबावे. मऊ झालेली खळ रुंद, बोथट पात्याने अलगद खरवडावी व स्वच्छ पाण्याने वारंवार पुसून घ्यावी. हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत ही कृती करावी.

दक्षता
विजेच्या बटणांजवळ पाणी वापरण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करावा. जिप्सम फलकाच्या भिंतीवरील कागद अधिक पाण्याने फाटतो, तर चुन्याचा रंग किंवा साधा डिस्टेंपर खळीबरोबरच धुऊन निघतो. जुन्या घरांतील रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. अशी शंका असल्यास भिंत कोरडी घासू नये, कारण शिसेयुक्त धूळ विशेषतः लहान मुलांना घातक असते.

रंगापूर्वीची अखेरची तयारी
भिंत पूर्ण वाळू द्यावी. खड्ड्यांत पुट्टी भरून ती काचकागदाने सपाट करावी. खळीचा सूक्ष्म अंश राहिल्याची शंका असल्यास तेलयुक्त प्रायमरचा थर द्यावा. त्यात पाणी नसल्याने खळ पुन्हा भिजत नाही. तथापि प्रायमर हा धुण्याला पर्याय नव्हे.