इमर्जन्सीतून आयसीयूकडे

अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनचा रेसिडेंट पेशंटच्या श्वासनळीत नळी घालतो, रक्तदाब सावरतो आणि पेशंट आयसीयूत रवाना होतो. पुढे त्याचं काय झालं, हे कळल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, ते बहुधा क्रिटिकल केअरच्या फेलोशिपकडे वळतात.

2011 पूर्वी हे प्रशिक्षण त्यांना घेता येई, पण अमेरिकी बोर्डाचं प्रमाणपत्र मिळत नसे. काहींनी त्यासाठी युरोपची डिप्लोमा परीक्षा दिली. 2011 मध्ये इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने दार उघडलं. त्यामागोमाग सर्जरी आणि अ‍ॅनेस्थेशियाचे मार्ग खुले झाले, नंतर न्यूरोक्रिटिकल केअरचाही.

चारही मार्गांना साधारण दोन वर्षं लागतात, पण ती वर्षं सारखी नसतात. मेडिसिनच्या वाटेवर सेप्सिस झालेले, यकृत निकामी झालेले, फुप्फुसं थकलेले पेशंट भेटतात. इथे एक अट आधीच हेरावी लागते: फेलोशिपला जाण्यापूर्वी इंटर्नल मेडिसिनचा सहा महिन्यांचा अनुभव हवा, त्यातले तीन महिने मेडिकल आयसीयूतले. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत एवढा वेळ आपोआप जमत नाही. त्यामुळे इलेक्टिव्ह महिने कुठे घालवायचे, हे दुसऱ्या वर्षातच ठरवलेलं बरं.

सर्जरीच्या वाटेवर पहिलं वर्ष सर्जरीच्या रेसिडेंटसारखं वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये काढायचं, दुसरं वर्ष आयसीयूत. रेसिडेन्सी संपवून पुन्हा कनिष्ठ व्हायचं, हे अनेकांना जड जातं. पण ट्रॉमाचं वेड असेल, तर हे वर्ष मला वाया गेलेलं वाटत नाही. अ‍ॅनेस्थेशियाच्या वाटेवर हृदयशस्त्रक्रियेनंतरचे पेशंट आणि एक्मो (हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र) यांचा सराव जास्त मिळतो. न्यूरोची वाट पक्षाघात, मेंदूतला रक्तस्राव अशा पेशंटपुरती; आवड पक्की असेल तरच ती धरावी.

फेलोशिप कुठे करायची हे ठरवताना संस्थेच्या नावापेक्षा मी एका वेगळ्या गोष्टीला जास्त वजन देईन: तिथून आधी बाहेर पडलेले इमर्जन्सीचे फेलो आज कुठे काम करतात? अनेकांना आठवडे वाटून इमर्जन्सी आणि आयसीयू दोन्हीकडे काम हवं असतं. त्यासाठी दोन विभागप्रमुखांचं एकमत लागतं. पगार कोण देणार आणि रात्रपाळ्या कोण मोजणार, हेही ठरावं लागतं. काही रुग्णालयांत सर्जिकल आयसीयूचा कारभार सर्जरी विभागाकडे असतो, आणि तिथे मेडिसिनच्या वाटेने आलेल्याला जागा मिळेलच असं नाही. म्हणून मुलाखतीला गेल्यावर सध्याच्या फेलोंना गाठून हे स्पष्ट विचारावं.