चित्रांना उजेड किती?

दर वर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा आठवडा जागतिक वारसा सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने संग्रहालयांत व्याख्याने होतात, मुलांसाठी रंग घोटण्याची शिबिरे भरतात, शाळांच्या सहली येतात. एरवी शुकशुकाट असलेल्या दालनात पाय ठेवायला जागा उरत नाही. काही वर्षे मी या सप्ताहात लघुचित्रांच्या दालनात माहिती सांगायला उभा राहत असे. रोज एकच प्रश्न यायचा, "इथे एवढा अंधार का?" एका आजींनी तर सरळच सांगितले, "दिवे लावा की हो. एवढ्या लांबून आलो, चित्र दिसायला नको?"

त्यांचे काही चुकत नव्हते. पण कागदावरच्या चित्राला उजेड बाधतो. लाखेपासूनचा तांबडा, काही वनस्पतींचे पिवळे असे रंग फिके होतात आणि उडालेला रंग कशानेही परत येत नाही. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. शिवाय हे नुकसान साचत जाते. हिशेब करून पाहा: ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,२०,००० लक्स-तास. चित्र उन्हात जेमतेम सव्वा तास ठेवले, तरी त्याला वर्षभराचा उजेड लागला! म्हणूनच चित्रे काही महिने भिंतीवर आणि मग बराच काळ अंधाऱ्या कपाटात. (तैलचित्रे जरा सोशिक, त्यांना २०० लक्स चालतात.)

खरे म्हणजे ही चित्रे भिंतीसाठी नव्हतीच. राजस्थानात, पहाडी राज्यांत ती बासनात बांधून ठेवत आणि हातात घेऊन जवळून पाहत. आज त्यांचे रंग ताजे दिसतात, त्यात त्या बासनाचा वाटा मोठा. आम्ही ती सगळ्यांसाठी उजेडात आणली. दाखवावी तर झिजतात, न दाखवावी तर संग्रहालय कशाला? सप्ताहातल्या गर्दीत ही ओढाताण मला फार जाणवे.

आजींना म्हटले, "दोन मिनिटे या बाकावर बसा. अंधाराला डोळे सरावू द्या." त्या बसल्या. मग उठून काचेजवळ गेल्या आणि नातवाला हाक मारली, "अरे, इकडे ये! पाऊस पडतोय बघ यात!"