भोसरीचा आर्गॉन, तीन अणूंचा धातू

क्वांटम वर्ष गाजलं, राष्ट्रीय क्वांटम मिशनचे 6003 कोटीही सगळ्यांना पाठ झाले. भाषणं झाली ती क्युबिटवर. एक जुनं, चिकाटीचं काम मात्र कोणाच्या तोंडी आलं नाही: जेमतेम तीन अणूंच्या धातूच्या पुंजक्याचा आकार ओळखण्याचं.

वायसीएम आणि डी. वाय. पाटील रुग्णालयांमुळे पिंपरीच्या संत तुकाराम नगरात एमआरआय कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे ईएसआर, हा त्याचाच भाऊ. तिथे प्रोटॉन आणि रेडिओलहरी, इथे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन आणि मायक्रोवेव्ह. इलेक्ट्रॉन चुंबक म्हणून प्रोटॉनच्या सुमारे 658 पट जोरकस, त्यामुळे नमुना अगदी थोडा असला तरी भागतं.

पण तीन अणूंचा धातू धरून ठेवायचा कसा? मोकळा सोडला की पुंजके एकमेकांना चिकटून पुन्हा ढेप. उपाय भोसरी एमआयडीसीतल्या टिग वेल्डरच्या सिलिंडरमध्ये आहे: आर्गॉन. तो उणे 189 अंशांना गोठतो. त्याहून बऱ्याच थंड दांडीवर धातूची वाफ आणि आर्गॉन एकदम सोडायचे. पुंजके जागच्या जागी अडकतात आणि कोणाशीच संयोग न करणारा आर्गॉन त्यांच्या वाटेला जात नाही. वायू गोठवून रेणू अडकवण्याची ही युक्ती 1954 मध्ये बर्कलीच्या जॉर्ज पिमेंटेल यांच्याकडून आली.

मग ईएसआरच्या वर्णपटातल्या रेषा मोजायच्या. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. लिथियमच्या त्रिकूटात एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो. तो तिघांत सारखा वाटला गेला, तर एका रेषेच्या दहा होतात. आर्गॉनमध्ये दहाच दिसल्या. सोडियमचा हिशेब वेगळा निघाला. लिंडसे, हर्शबाख आणि क्विरम यांना 1976 मध्ये दिसलं, की इलेक्ट्रॉन मुख्यतः टोकांच्या दोन अणूंवर असतो आणि मधल्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणजे त्रिकोण पसरट. फोटो नाही, भिंग नाही, नुसत्या रेषांवरून आकार! याला क्वांटम म्हणायचं नाही, तर कशाला?

पुंजक्यांचा नाद पुण्यालाही होता, फक्त संगणकावर. साधा गॅलियम 30 अंशांच्या आसपास, तळहातावरसुद्धा वितळतो. त्याचे चिमुकले पुंजके मात्र शेकडो अंश तापवूनही घट्ट राहतात, असं 2003 मध्ये अमेरिकेतल्या जॅरोल्ड यांच्या प्रयोगांत दिसलं. कारण शोधलं पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या दिलीप कान्हेरे यांच्या गटाने, ग्रेनोबलच्या ब्लंडेल यांच्यासह, 2004 मध्ये. त्यांनी 13 आणि 17 अणूंचे पुंजके गणितात तापवून पाहिले. ढेपेत धातूचे आणि सहसंयुज बंध मिसळलेले असतात. पुंजक्यात जवळजवळ सगळेच सहसंयुज, म्हणून तो सहजासहजी सुटत नाही.