सात म्हणजे सत्तर टक्के नव्हेत

दर वर्षी फेब्रुवारीत मला एक फोन येतो. या वर्षीचा नाशिकहून आला. "अगं, पोरीला तिकडे सात पूर्णांक तीन मिळालेत. दहापैकी! इथे नवाच्या खाली कधी उतरली नाही. तिची तब्येत बरी आहे ना? तू जरा जाऊन बघून ये." मागून काकांचा आवाज: "साडेनवाने गुण. एकोणसत्तर. सत्तरसुद्धा नाहीत!"

काकांचा गुणाकार चोख आहे. ७.३ गुणिले ९.५ म्हणजे ६९.३५. फक्त हे साडेनवाचं सूत्र सीबीएसईने आपल्या दहावीच्या मुलांसाठी काढलं होतं. एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवर नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला गेलेल्या मुलीच्या डच निकालाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण आपल्याकडे दहावरचा आकडा दिसला रे दिसला की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो.

घोटाळ्याचं मूळ साधं आहे. दोन्ही देशांत दहाचीच मोजपट्टी आहे आणि दोन्हींवरच्या खुणा वेगळ्या आहेत. आपल्या यूजीसीच्या श्रेयांक पद्धतीत १० म्हणजे 'ओ', ९ म्हणजे 'ए प्लस', ७ म्हणजे 'बी प्लस' आणि ४ ला पास. नेदरलँड्समध्ये पट्टी शून्यापासून नाही, १ पासून सुरू होते आणि उत्तीर्ण व्हायला ५.५ लागतात. १ आणि १० यांच्या बरोबर मधला आकडा तोच. म्हणजे सरळ हिशेबाने गुण दिले तर अर्धा पेपर बरोबर सोडवणाऱ्याला ५.५ मिळतात आणि ७ मिळवणाऱ्याने दोनतृतीयांश सोडवलेला असतो. सत्तर टक्के त्या आकड्यात मुळात कधी नव्हतेच.

वर्णनात्मक पेपर आणि निबंधांना तर असं सूत्रही नसतं. तिथे परंपरा चालते. ६ म्हणजे पुरेसं, ७ म्हणजे चांगलं, ८ म्हणजे फार चांगलं. ९ क्वचित, आणि १० जवळजवळ कोणी देतच नाही. तिकडे गमतीने म्हणतात, दहा देवाला आणि नऊ मास्तरांना. उरलेल्यांत विद्यार्थ्यांनी भागवावं. आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं काम पाहणारी 'नुफिक' ही डच संस्थाही परदेशी विद्यापीठांना हेच बजावते: आमच्याकडे ९ आणि १० दुर्मीळ आहेत, तुमच्या पट्टीवर ते जसेच्या तसे ठेवू नका. आणि काकांसाठी खास माहिती: बहुतेक डच विद्यापीठांत पदवी 'कुम लाउडे', म्हणजे विशेष प्रावीण्यासह, मिळवायला सरासरी ८ लागते. आठ! आपल्याकडे सरासरी आठ आली तर आजी म्हणते, "बरं, पुढच्या वेळी."

पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत तर आणखी गंमत. पुष्कळ ठिकाणी नुसत्या अंदाजाने बरोबर येऊ शकतील तितकी उत्तरं आधीच वजा धरतात. प्रत्येकी चार पर्यायांचे ४० प्रश्न असले, तर डोळे मिटून खुणा केल्या तरी १० बरोबर येतील असं धरायचं. त्या दहांना फक्त १ गुण. पुढची पट्टी उरलेल्या ३० वर. अशा हिशेबात पास व्हायलाच २५ बरोबर उत्तरं लागतात.

मग ७.३ म्हणजे आपल्याकडचे किती? हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो, आणि हे मी सांगत नाही. युरोपातली श्रेयांक पद्धत, ईसीटीएस, १९८९ पासून आहे. तिने काही वर्षं एक तोडगा चालवून पाहिला: पास झालेल्यांपैकी वरच्या १० टक्क्यांना ए, पुढच्या २५ टक्क्यांना बी, मग ३०, २५ आणि १०. तोही बाजूला ठेवावा लागला. युरोपीय आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत आता गुणांच्या वाटपाचा तक्ता द्या असं म्हटलं आहे: त्या अभ्यासक्रमात किती टक्के मुलांना कोणता गुण मिळाला, एवढंच. पोरीचा गुण त्या तक्त्यात कुठे बसतो ते पाहायचं आणि इथल्या वर्गात तेवढ्याच उंचीवर कोणता गुण पडतो ते शोधायचं. गुणाकार नाही, भागाकार नाही, साडेनऊ तर नाहीच नाही.

आता खरी चीड कुठे येते ते सांगते. आईवडिलांचं सोडा, त्यांची काळजी समजते. पण इथली काही महाविद्यालयंसुद्धा ७.३ ला सरळ दहाने गुणून ७३ टक्के लिहून मोकळी होतात आणि मुलीचा वर्गातला क्रमांक घसरतो. म्हणून विमानात बसण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या: परतल्यावर गुण कसे बदलणार, की फक्त पास-नापास धरणार? तिकडून ट्रान्सक्रिप्टबरोबर गुणवाटपाचा तक्ता मागा. तोंडी "बघू, करून देऊ" यावर विसंबू नका.

मुलांचा गैरसमज नेमका उलटा असतो. "५.५ ला पास, म्हणजे चैन!" एका सेमिस्टरला ३० क्रेडिट आणि नेदरलँड्समध्ये एका क्रेडिटला २८ तासांचा अभ्यास धरतात. झाले ८४० तास. वीस आठवड्यांत वाटा, आठवड्याला ४२ तास पडतात. त्यातले वर्गातले थोडेच, बाकीचे वाचनाचे आणि गटात बसून भांडण्याचे. मास्ट्रिख्टला तर अख्खं विद्यापीठच छोट्या गटांत प्रश्न सोडवत शिकण्यावर उभं आहे. तिथे मागच्या बाकावर लपायला मागचा बाकच नसतो.

बाकीचे गैरसमज लवकर उरकते.

"विद्यापीठ आहे म्हणजे होस्टेल असेलच." नाही. खोल्यांची टंचाई इतकी आहे की खोली हातात नसेल तर येऊ नका, असं विद्यापीठंच मुलांना सांगतात. एक्स्चेंजवाल्यांसाठी काही खोल्या राखून असतात, त्यांच्यासाठी अर्ज उघडल्या दिवशी अर्ज करा. खासगी घरात जुने राहणारे मुलाखत घेऊन नवा सोबती निवडतात. याला 'हॉस्पिटेरन' म्हणतात आणि त्यात मार्कशीट विचारत नाहीत, स्वयंपाक येतो का ते विचारतात. खोली न दाखवता अनामत मागणारा भामटा समजा. "या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही" म्हणणाऱ्यालाही नमस्कार करा, कारण चार महिन्यांहून जास्त राहायचं तर नगरपालिकेत नोंदणी करावीच लागते आणि नागरिक क्रमांक त्यातूनच मिळतो.

"एक्स्चेंज म्हणजे स्कॉलरशिप." फी तिकडे भरायची नसते, इतकंच, ती इथे भरतच असता. राहण्या-खाण्याचे महिन्याला हजार युरोंहून जास्त दाखवावे लागतात.

"व्हिसाचं एजंट बघतो." नव्वद दिवसांहून जास्त राहायचं असेल तर निवास परवान्याचा अर्ज तिथलं विद्यापीठच करतं. एजंट नक्की काय बघतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

"पार्ट-टाइम नोकरीत खर्च निघतो." आठवड्याला १६ तास, किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. त्यासाठीही मालकाने आधी परवाना काढायचा, आणि नोकरी लागली की डच आरोग्यविमा सक्तीचा.

"गांजा तिकडे कायदेशीर आहे." कायद्याने नाहीच. थोड्या प्रमाणाकडे काणाडोळा करतात.

"शाकाहारी माणसाची उपासमार होते." एकोणिसाव्या शतकात भारतातून सुरिनामला मजूर नेले, १९७५ च्या सुमारास त्यांचे वंशज मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले. द हेगमध्ये त्यांच्या रोटीच्या दुकानांत बटाटा आणि चवळीच्या शेंगा आपल्या घरच्यासारख्या मिळतात. चवीला तिखट मिरचीची चटणी मागून घ्या, न मागता देतील असं नाही.

"डिसेंबरात सेमिस्टर संपतं, नाताळात घरी." हे मात्र महागात पडतं. सप्टेंबरात सुरू झालेलं सत्र जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालतं आणि परीक्षा बहुधा तेव्हाच असते. नापास झालात तर फेरपरीक्षा त्याहूनही पुढे, कदाचित तुम्ही नाशिकला पोचल्यावर. नाशिकच्या त्या पोरीने परतीचं तिकीट २२ डिसेंबरचं काढलं होतं. बदलायला पडलेले पैसे काकांनी अजून कशानेही गुणलेले नाहीत.